चार तासांचे वाळूशिल्प आणि आदल्या दिवसाची धुमस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यांवर महोत्सवांचा हंगाम सुरू होतो. खाद्यजत्रा, दशावतार, पतंग यांच्या जोडीने पत्रिकेत 'वाळूशिल्प' ही ओळ असते आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते की कलाकाराने अवघ्या चार तासांत भव्य शिल्प साकारले. या 'अवघ्या'बद्दल हे पत्र आहे. उभे वाळूशिल्प चार तासांत होत नाही. चार तासांत होते ते कोरणे. त्याच्या आधीचा अख्खा दिवस वाळू भरणे, भिजवणे आणि धुमसेने, म्हणजे चोपायच्या जड दांड्याने, ठोकणे यात जातो आणि शिल्प राहणार की बसणार हे त्याच दिवशी ठरून गेलेले असते. तो दिवस बातमीत आला नाही तर बिघडत नाही. पण तो आयोजकांच्या खर्चाच्या यादीतही नसतो.

यावर ठरलेला प्रश्न येतो, 'मग पुरीला कसे एका रात्रीत होते?' प्रश्न रास्त आहे. ओडिशातले पुरी हे आपल्याकडच्या या कलेचे माहेर. सोळाव्या शतकाच्या आसपासचे संतकवी बलराम दास यांना रथयात्रेत रथावरून हुसकावले, तेव्हा त्यांनी किनाऱ्यावर वाळूचाच रथ केला, ही तिथली कथा. आजच्या काळात सुदर्शन पटनायक यांनी या कलेला देशभर ओळख दिली. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. कुणी मोठी व्यक्ती गेली, भारताने सामना जिंकला, की सकाळच्या पेपरात पुरीच्या किनाऱ्यावरचे शिल्प असते. पण तो फोटो नीट बघावा. बहुतेक वेळा ते उतारावरचे काम असते. वाळूचा मोठा ढीग करायचा, दर्शनी बाजू तिरकी ठेवून पाण्याने दाबून घ्यायची आणि त्या उतारावर चेहरा, अक्षरे, झेंडा असे उठाव काढायचे. कोरडी वाळू आपसूक साधारण तीस-पस्तीस अंशांच्या उताराने थांबते. ओली करून थोपटली की पंचेचाळीस-पन्नास अंशांपर्यंत निर्धास्त राहते. अशा कामात वाळूला स्वतःचे वजन उभे पेलायचे नसते, मागचा ढीगच तिला धरून असतो. साचे लागत नाहीत, वेळ वाचतो. यात कमी दर्जाचे काही नाही. तिरक्या पृष्ठभागावर चेहऱ्याचे प्रमाण बरोबर दिसेल असे काढणे हे वेगळेच कसब आहे. पण फोटो उताराच्या शिल्पाचा दाखवायचा, वेळही त्याचीच द्यायची आणि मागायचा मात्र आठ फुटी उभा गणपती, इथे गाडी अडते.

उभ्या शिल्पाचा हिशेब एकदा मांडू. सहा फूट उंचीचे मध्यम काम धरा. एकावर एक तीन बिनबुडाचे साचे लागतात: खालचा आठ बाय आठ फूट, मधला सहा बाय सहा, वरचा चार बाय चार, प्रत्येक दोन फूट उंच. ठोकून घट्ट झालेली वाळू झाली २३२ घनफूट. सुटी वाळू ठोकल्यावर बसते, म्हणून सुमारे २९० घनफूट, म्हणजे जवळजवळ तीन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), हाताशी हवी. घट्ट ओल्या वाळूचे वजन बारा टनांच्या घरात जाते. ही सगळी वाळू घमेल्याने वर चढवायची असते, हजाराच्या आसपास घमेली. पाण्याचा जुना ठोकताळा आठ बादल्या वाळूला एक बादली पाणी असा आहे. त्याप्रमाणे हजार लिटर झाले, पण खाली झिरपून जाणारे, उडणारे आणि पुढच्या फवारणीचे धरून दोन हजार लिटरची सोय करावी. चार माणसे न थांबता राबली तर भरणीला एक दिवस लागतो. आयोजकांकडून मिळते काय? दोन बादल्या आणि 'समुद्र समोरच आहे की' हे वाक्य.

साचा सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतताना खाली लावतात त्या, १८-१९ मिलीमीटर प्लायचा करावा, बाहेरून आडव्या पट्ट्या माराव्यात आणि कोपरे खिळ्यांऐवजी नटबोल्टने जोडावेत. ठोकताना ओली वाळू बाजूला इतका रेटा देते की पातळ प्लाय मधोमध पोट काढते. पोट काढलेल्या साच्यातली वाळू त्या ठिकाणी सैल राहते आणि साचा काढल्यावर नेमकी तिथून फळी सुटल्यासारखी पडते. खिळे मारले असतील तर ते उपटताना बसणारे हादरे ताज्या ठोकळ्याला उभी चीर पाडतात. आतून प्लास्टिकचा कागद लावला तर फळी अलगद सुटते. लहान कामाला बूड कापलेले, एका बाजूने उभे चिरून पट्ट्याने आवळलेले प्लास्टिकचे पिंपही चांगले चालते.

भरणी सहा इंचांच्या थरांत करावी. सुटी वाळू टाकायची, फावड्याने सारखी करायची, पाणी सोडायचे, ते सगळीकडे मुरले की धुमस मारायची. कोपऱ्यांत धुमस पोचत नाही, तिथे लाकडाचा तुकडा उभा धरून ठोकावे लागते. थर एक फुटाचा टाकून वेळ वाचवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. धुमसेचा मार खोलवर जाता जाता विरतो. वरचे चार-पाच इंच दगडासारखे होतात आणि खालचे तसेच सैल राहतात. साचा काढल्यावर हे डोळ्यांना दिसते. ठोकळ्यावर आडवे पट्टे उमटतात, एक गुळगुळीत, एक खरबरीत. खरबरीत पट्टा म्हणजे सैल थर. त्या पट्ट्यात डोळा किंवा ओठ आला की समजावे, दुपारपर्यंत तो राहणार नाही. सैल थरापेक्षाही वाईट म्हणजे कोरडा कप्पा. एखादे घमेले न भिजता आत गेले तर बाहेरून काही कळत नाही. कोरताना थापी तिथे पोचते आणि वाळू पिठासारखी भुरूभुरू बाहेर येते. मग वरचा भाग अधांतरी राहतो. यावर उपाय नाही. रचना बदलायची, नाहीतर तो भाग सोडून द्यायचा.

पाणी जास्त झाले तर? साच्यात जास्त पाणी चालते, उलट भरपूर सोडावे, कारण पाणी खाली उतरताना बारीक कण मोकळ्या जागांत नेऊन बसवते. अट एकच, ते खालून निघून गेले पाहिजे. वाळूच्या दाण्यांना दाणे चिकटतात ते त्यांच्या मधल्या पाण्याच्या सूक्ष्म पुलांमुळे, आणि हे पूल टिकायला दाण्यांमध्ये हवाही लागते. सगळी पोकळी पाण्याने भरली की पूल नाहीसे होतात आणि वाळू रबडीसारखी वाहते. म्हणून भरलेला साचा रात्रभर तसाच ठेवून सकाळी उघडतात. मैदानावर किंवा मॉलमध्ये काम असले की 'फरशी खराब नको' म्हणून खाली ताडपत्री अंथरलेली असते. पाणी तिच्यावर साचते, खालचा थर चिखल होतो आणि दुसऱ्या दिवशी शिल्प पायातून फुगते. अशा वेळी ताडपत्रीवर आधी चार-सहा इंच जाड खडीचा थर टाकून पाण्याला बाजूने वाट काढून द्यावी.

या बाबतीत २०१२ साली ॲम्स्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी केलेले काम कारागिरांनाही उपयोगी आहे. ओल्या वाळूचा खांब जास्तीत जास्त किती उंच राहतो, हे त्यांनी मोजले. आकारमानाच्या सुमारे एक टक्का पाण्याला वाळू सर्वांत ताठ राहते, असे त्यांना आढळले. आठास एकच्या ठोकताळ्याशी याचे भांडण नाही. आपण ओततो ते पाणी आणि निथळून दाण्यांमध्ये उरते ते पाणी यांत फरक असतो. त्यांचा दुसरा निष्कर्ष आयोजकांनी टेबलासमोर चिकटवावा असा आहे. खांबाची कमाल उंची तळाच्या त्रिज्येच्या दोन तृतीयांश घाताने वाढते. सोप्या भाषेत, तळ दुप्पट केला तर उंची जेमतेम दीडपटीहून थोडी अधिक मिळते. उंची दुप्पट हवी तर तळ पावणेतीन पटीहून जास्त रुंद हवा आणि वाळू सोळा पट. शिल्प म्हणजे खांब नव्हे आणि ते या टोकाच्या मर्यादेपर्यंत कधी जात नाही, तरी 'आठ फुटांचे करताच आहात, सोळा करा ना' असे सहज म्हणणाऱ्याला हा हिशेब पुरे. पटनायक यांनी २०१७ मध्ये पुरीला विक्रमी वाळूचा किल्ला केला तो १४.८४ मीटर उंच होता. २०२१ मध्ये डेन्मार्कमधल्या ब्लॉखूसला झालेला २१.१६ मीटरचा, त्यासाठी ४,८६० टन वाळू लागली. शिवाय तिच्यात सुमारे दहा टक्के चिकणमाती मिसळली होती.

वाळूची निवड ही निम्मी लढाई. लाटांनी घासलेला दाणा गोलसर होतो आणि गोल दाणा साबुदाण्यासारखा एकमेकांवरून घसरतो. नदीच्या वाळूचा दाणा कंगोरेदार असतो, खडीसाखरेसारखा एकमेकांत अडकून बसतो. त्यात थोडा गाळ असला तर उत्तमच. बांधकामवाले ज्या गाळाला नाके मुरडतात तोच आमच्या कामाचा. परीक्षा सोपी आहे: काचेच्या बाटलीत मूठभर वाळू आणि पाणी घेऊन हलवा. पाणी बराच वेळ गढूळ राहिले तर वाळू चांगली, चटकन निवळले तर ती धुतलेली किंवा लाटांनी निथळलेली. दुसरी परीक्षा, ओल्या वाळूचा लाडू वळून तळहातावर मागेपुढे घरंगळू द्यावा. फुटला नाही तर बारीक कोरीव काम झेपेल. आपल्या किनाऱ्यावर आणखी एक त्रास आहे, तो शिंपल्यांच्या चुऱ्याचा. नाकाच्या शेंड्यावर थापी फिरवताना मध्ये शिंपल्याचा तुकडा आला की तो पात्याबरोबर ओढला जातो आणि नाकाचा टवका घेऊन निघतो. म्हणून वरच्या साच्यातली वाळू तरी चाळून घ्यावी. क्रश सॅण्ड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, कंगोरेदार असते, पण जाड भरड मिळाली तर चेहऱ्याला देवी आल्यासारखा पोत येतो. प्लास्टरची बारीक घ्यावी आणि कोरडी हाताळताना नाकाला फडके बांधावे. किनाऱ्यापासून लांबच्या कार्यक्रमासाठी किनाऱ्यावरची वाळू उचलून न्यायची नसते, तो गुन्हा आहे. वाळू रीतसर पावतीने विकत घ्यावी आणि तो खर्च आयोजकांनी धरावा.

कोरणे वरून खाली जाते, कारण वरची पडलेली वाळू खालचे काम बुजवते. वरचा साचा काढायचा, तो भाग पूर्ण करायचा, मग मधला साचा उघडायचा. एकदा खाली उतरलात की परत वर हात पोचत नाही, पाय ठेवायला जागाच उरत नाही. त्यामुळे 'मुकुट जरा मोठा करा' ही सूचना दुपारी तीन वाजता आली तर ऐकून घेण्यापलीकडे काही करता येत नाही. हत्यारे साधी असतात: गवंड्याच्या लहानमोठ्या थाप्या, पॅलेट नाइफ, पत्र्याच्या वाकवलेल्या पट्ट्या, मऊ ब्रश आणि शीतपेयाची नळी. या नळीने फुंकर मारून डोळ्याच्या कोपऱ्यातले सुटे दाणे काढतात. बोट घातले तर पापणीच जाते.

वाळू एकरंगी आहे, तेव्हा इथे रंगाचे काम सावली करते. दगडात पाव इंच खोल पुरेल तिथे वाळूत इंचभर खणावे लागते. हनुवटीखाली, भुवईखाली, दागिन्याच्या कडेला काळी रेघ दिसली पाहिजे. पण खोल खणताना वरचा भाग पुढे लोंबता राहतो आणि वाळूला लोंबते काही सोसत नाही. म्हणून गणपतीची सोंड पोटावर टेकलेली, कान मागच्या प्रभावळीला चिकटलेले, हात मांडीवर. घोड्यावरचे शिवाजी महाराज ही तर दरवर्षीची मागणी. बारा टनांतले निम्मे वजन चार बारीक पायांवर उभे करणे वाळूला शक्य नाही. घोड्याच्या पोटाखालचा भाग भरीव ठेवून त्यावर खडक किंवा तटबंदी कोरायची आणि पाय त्यातून उठावात काढायचे, हा मार्ग आहे. 'आत सळई घाला' असे सुचवले जाते. सळईला वाळू चिकटत नाही. वाळू बसते, सळई तिथेच राहते आणि तिच्याभोवती चीर जाते.

काम चालू असताना दर अर्ध्या तासाला धुक्यासारखी बारीक फवारणी हवी. दुपारी दर्यावरचा वारा सुटला की तासाभरात वरचा थर कोरडा पडतो, आणि आधी जातात त्या कडा. पाठीवरचा फवारणी पंप यासाठी उत्तम, मात्र आंब्यावर औषध मारलेला पंप आणू नये. नळीने फुंकर मारणारा माणूस तोंड तिथेच लावत असतो. पांढरा गोंद एकास आठ-दहा पाण्यात मिसळून फवारतात तो सगळे संपल्यावर. आधी मारला तर वर पापुद्रा धरतो आणि थापी लागताच पापडासारखा उचकटतो. हा गोंद फक्त वरचे दोन-तीन मिलीमीटर धरून ठेवतो, वाऱ्याने उडणाऱ्या दाण्यांपुरता. 'गोंदावर उभे आहे' म्हणणाऱ्यांनी कुठल्याही शिल्पात बोट खुपसून पाहावे. नको, पाहू नये.

जागा कोण ठरवते? बहुधा मंडपवाला. ओली वाळू तयार मिळते म्हणून शिल्प पाण्याजवळ मांडायला सांगतात. तिथली वाळू पाण्याने भरलेली असते, शिवाय ओहोटीच्या मध्यापासून भरतीच्या मध्यापर्यंत जेमतेम सहा तास मिळतात. भरतीची वेळ काढायला कोळ्यांचा हिशेब पुरतो, तिथीच्या आकड्याची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठे असते. मुंबईकडे तेव्हा चढउतार चार-पाच मीटरचा होतो, वेंगुर्ल्याकडे त्याच्या साधारण निम्मा. शिल्प उधाणाच्या रेषेच्या वर, म्हणजे काड्याकचरा आणि शिंपल्यांची जी सर्वांत वरची ओळ दिसते तिच्याही मागे हवे. ते पाण्यात गेल्यावर 'अखेर समुद्राने आपले लेणे परत घेतले' असे छापून येते. समुद्राचा काही संबंध नसतो, कुणी तिथी पाहिलेली नसते इतकेच.

दिशाही बघावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, उत्तरेला तोंड केलेले शिल्प दिवसभर सपाट दिसते. आपल्या किनाऱ्यावर नैर्ऋत्येला तोंड केले तर दुपारनंतर तिरपे ऊन मिळते आणि गर्दीही तेव्हाच असते. रात्री समोरून मोठा फ्लडलाइट मारला की दिवसभर खणलेल्या सावल्या पुसल्या जातात. दिवे दोन्ही कडांना, खाली जमिनीलगत आणि एकीकडचा मंद हवा. साउंडच्या भिंती शिल्पाजवळ नकोत, हादऱ्याने सुकलेल्या कडा गळतात. भोवती चार-पाच फुटांवर दोरी बांधून रात्री राखणदार ठेवावा. माणसांपेक्षा भटकी कुत्री जास्त नडतात, थंड वाळूचा ढीग त्यांना झोपायला आवडतो. उद्घाटनाला पाहुण्यांच्या हस्ते शिल्पावर गुलाल आणि रांगोळी उधळण्याची नवी पद्धत तेवढी बंद करावी. पुरीला रंगीत वाळू वापरतात ती आखून, जागच्या जागी.

ओडिशात कोणार्कजवळच्या चंद्रभागा किनाऱ्यावर दरवर्षी १ ते ५ डिसेंबर आंतरराष्ट्रीय वाळूशिल्प महोत्सव भरतो. राज्याचा पर्यटन विभाग तो भरवतो आणि तिथे वाळूशिल्प हाच कार्यक्रम असतो. आपल्याकडे ते दोन ऑर्केस्ट्रांच्या मधले भरताड आहे. काचेवर वाळू पसरून पडद्यावर चित्रे दाखवतात ती कलाही वेगळी, तिला धुमस लागत नाही. पण बातम्यांत आणि निमंत्रणांत दोन्ही कलाकार एकमेकांच्या नावाने बोलावले जातात.

आयोजकांना एवढेच सांगणे आहे की कलाकाराला बोलावताना पत्रात मानधनाच्या आकड्याखाली आणखी एक ओळ घालावी: आदल्या दिवशी सकाळी आठ वाजता चार मजूर, दोन हजार लिटर पाणी, तीन ब्रास वाळू, साच्यांचे भाडे, आणि रात्रीचा राखणदार. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी मोकळेपणाने उताराचे शिल्प मागावे, ते सहा तासांत चांगले होईल. आणि आवरण्याचा खर्चही त्यातच धरावा. कार्यक्रम संपल्यावर शिल्प मोडून वाळू पसरायची आणि भरणीसाठी खणलेले खड्डे त्याच रात्री बुजवायचे. खड्डा गुडघ्यापेक्षा खोल खणूच नये, कोरड्या वाळूच्या कडा ढासळून त्यात मूल दबू शकते. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या अंडी घालायला येतात आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत पिल्ले समुद्राकडे जातात. उघड्या खड्ड्यात पडलेले दोन इंचांचे पिल्लू वर चढू शकत नाही, आणि रात्रभर चालू ठेवलेला फ्लडलाइट त्याला उलट दिशेला नेतो. अशा किनाऱ्यावर दिवे दहाला बंद करावेत आणि फावडी घेतलेली दोन माणसे तोपर्यंत थांबवून ठेवावीत.

आपले,
वाळूत काम करणारे काही कलाकार,
जि. सिंधुदुर्ग